लस आरोग्य केंद्रात, बाळ कोपीवर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सिस्टरबाईंची सगळी नोकरी उपकेंद्रात गेली. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही त्यांच्या रोजच्या कामातलाच हवा, असे मला वाटले. बालकांचे नियमित लसीकरण शेवटच्या घरापर्यंत कसे पोहोचेल, या प्रश्नावर तज्ज्ञांच्या समित्या बसतात, अहवाल निघतात. मी आज तो प्रश्न तुमच्यासमोर मांडणार आहे तो लसीचा डबा खांद्याला लावून चालणाऱ्या बायकांच्या बाजूने. मासिक बैठकीनंतर चहा घेताना, उपकेंद्राच्या ओट्यावर, सत्र संपल्यावर अंगणवाडीत बसून त्या जे बोलतात, ते मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. आज तेच जरा जोडून सांगतो.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. लस चुकलेल्या बाळाची चौकशी आपल्याकडे आईपासून सुरू होते. आई अडाणी, आई घाबरली, घरच्यांनी पाठवले नाही, अशी कारणे रकान्यात चटकन भरली जातात. पण आशाताईबरोबर बसून एकेका बाळाचा हिशेब काढला की निराळेच चित्र दिसते. नकार देणारी घरे असतात, नाही असे नाही, पण ती थोडी. बाकीच्या आयांना लस हवी असते. लसीचा वार, लसीची जागा आणि लसीची वेळ मात्र त्यांच्या जगण्यात बसत नाही. हे सिस्टरला माहीत असते. कोणत्या घराला कोणता वार सोयीचा, कोण कधी गाव सोडतो, कोणत्या सासूशी आधी बोलावे लागते, सगळे तिला पाठ असते. या माहितीवर काही करण्याचा अधिकार मात्र तिच्याजवळ नसतो. तो तिला मिळाला पाहिजे, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

लसीचा जुना मुलूख

लसीशी महाराष्ट्राचे नाते फार जुने आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात देवीची लस यशस्वी झाली ती पहिल्यांदा तिच्या दंडावर. ती लस बगदाद, बसरा या मार्गाने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी येत येत मुंबईला पोहोचली होती. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या धामधुमीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांच्या नावाने उभी आहे. १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि आज जगभरातल्या मुलांना दिल्या जाणाऱ्या लसींचा मोठा वाटा तिथून जातो.

सरकारी कार्यक्रमाचा इतिहासही आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ मध्ये त्याचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम झाला आणि गोवराची लस त्यात आली. तेव्हापासून लसी वाढत गेल्या, आजार कमी होत गेले. घटसर्पाने गळा आवळलेले मूल किंवा पोलिओने पाय लुळा पडलेले मूल आजच्या तरुण डॉक्टरांनी क्वचितच पाहिले असेल. त्यामागे या कार्यक्रमाची पुण्याई मोठी आहे.

असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला एक आकडा मला टोचत राहतो. २०१५-१६ मध्ये बारा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण देशात ६२ टक्के होते, महाराष्ट्रात ५६ टक्क्यांच्या आसपास. २०१९-२१ पर्यंत आपण ७३ टक्क्यांच्या पुढे गेलो, ही चांगलीच मजल आहे. पण देश तोवर ७६ टक्क्यांवर पोहोचला होता. लस बनवणारे राज्य, डॉक्टरांचे राज्य, साखर कारखान्यांचे आणि मोठ्या शहरांचे राज्य देशाच्या सरासरीच्या मागे का राहते? माझ्या मते उत्तर त्या समृद्धीतच दडले आहे. आपली साखर, आपल्या विटा, आपल्या इमारती ज्यांच्या स्थलांतरावर उभ्या आहेत, त्यांची बाळे आपल्या याद्यांतून निसटतात.

एका बाळाचे वेळापत्रक

आता कागद बाजूला ठेवून एका बाळाकडे पाहू. जन्मतःच त्याला बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस मिळते. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला त्यात पोलिओचे इंजेक्शन आणि न्यूमोकोकलची भर पडते. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर. पाच वर्षांनंतर पुन्हा एक. म्हणजे प्रसूतीनंतर पहिल्या वर्षात आईने चार वेळा बाळ घेऊन यायचे आणि प्रत्येक खेपेला कामाचा दिवस सोडायचा.

हे वेळापत्रक बाळाच्या शरीराप्रमाणे आखलेले आहे, आणि ते योग्यच आहे. आता ते बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबाच्या वर्षाशेजारी ठेवा. समजा, बाळ ऑक्टोबरच्या अखेरीस गावी जन्मले. बीसीजी मिळाली, कार्ड मिळाले. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक निघाला आणि आई-बाप बाळाला घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर गेले. सहावा आठवडा डिसेंबरच्या मध्याला येतो, दहावा जानेवारीत, चौदावा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस फडावर पडतात. गावची आशाताई घरी जाते तेव्हा कुलूप असते. कारखान्याच्या गावातल्या आशाताईच्या यादीत हे बाळ नसते.

दुसरे बाळ फेब्रुवारीत कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, जन्मले असे धरा. हंगाम संपल्यावर गावी आले. चुकलेले डोस सिस्टरने पावसाळ्यात भरून काढले. नऊ महिने पूर्ण झाले नोव्हेंबरात, आणि तेव्हा कुटुंब पुन्हा रस्त्याला लागलेले. गोवराचा डोस राहिला. या आईने कोणत्या डोसाला नकार दिला? एकालाही नाही. तिने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली आहे, कोयत्याची जोडी तिच्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. लसीकरण सत्र सकाळी दहाला सुरू होते, आणि ती पहाटेच्या अंधारातच फडात गेलेली असते.

हीच गोष्ट पालघर, ठाणे, रायगडच्या वीटभट्ट्यांवर, हीच मेळघाटातल्या कोरकू कुटुंबांची आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांची. वर्षातले कित्येक महिने ती माणसे गावात नसतात. आरोग्य व्यवस्था मात्र लोक वर्षभर एकाच जागी राहतात असे धरून चालते.

सिस्टरांना यावर उपाय सुचतो, आणि तो सोपा आहे. दसऱ्याच्या आधी गावात एक खास सत्र घ्यावे, ज्या बाळांचे डोस देता येतील ते देऊन टाकावेत, आणि जाणाऱ्या गर्भवतींची व बाळांची यादी, मुकादमाचे नाव आणि कारखान्याचे नाव लिहून पुढच्या तालुक्याला कळवावे. कारखान्याच्या बाजूच्या सिस्टर म्हणतात, सत्र संध्याकाळी कोपीवर घेऊ द्या, बायका तेव्हाच भेटतात. आणि गावी परतल्यावर होळी-पाडव्याच्या सुमाराला पुन्हा एक सत्र व्हावे. उशीर झाला म्हणून डोस वाया जात नाहीत, मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, हेही आईला सांगायला हवे. कितीतरी आया आता वेळ निघून गेली या समजुतीने येणेच सोडतात.

मग संध्याकाळी सत्र का होत नाही? कारण लस उपकेंद्रात राहत नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रीजमध्ये (आयएलआर) दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. सत्राच्या दिवशी आइसपॅक घातलेल्या कॅरियरमधून ती निघते आणि त्याच दिवशी परत जमा करावी लागते. संध्याकाळी सात वाजता सत्र संपले तर रात्री कॅरियर परत न्यायला वाहन हवे, जमा करून घ्यायला केंद्रात माणूस हवा, आणि रात्रीच्या रस्त्याने सिस्टर सुखरूप घरी पोहोचायला हवी. या तीन गोष्टींची सोय झाली तर संध्याकाळचे सत्र शक्य आहे. ती करणे सिस्टरच्या हातात नाही, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या हातात आहे.

कुपी उघडायची की नाही

आता एक अगदी बारीक गोष्ट सांगतो. बाहेर फारशी बोलली जात नाही, पण सिस्टरांच्या बोलण्यात ती हमखास येते.

बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी पावडरच्या रूपात असतात. द्रावण मिसळून कुपी तयार केली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, न्यूमोकोकल यांच्या उघडलेल्या कुप्या नियम पाळून अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येतात, या दोन लसींना ती सोय नाही. कार्यक्रमाचे धोरण स्पष्ट आहे: एकच बाळ आले तरी कुपी उघडा. पण महिन्याच्या आढाव्यात वाया गेलेल्या डोसांचा आकडा विचारला जातो. वस्तीवर एकच बाळ आले, कुपी उघडली, बाकीचे डोस टाकले, तर सिस्टरच्या नावापुढे तो आकडा चढतो. मग हात थबकतो. तोंडून निघते, "पुढच्या बुधवारी या ताई, आणखी दोघी-तिघी आल्या की देते."

त्या आईचा पुढचा बुधवार येतोच असे नाही. एकदा परत गेलेली आई पुन्हा आणणे किती अवघड आहे, हे आशाताईला विचारा. वाया गेलेला डोस मोजता येतो, म्हणून तो कागदावर येतो. परत गेलेली आई कोणत्याही रकान्यात लिहिली जात नाही. माझी आरोग्य खात्याला हात जोडून विनंती आहे: आढाव्याचा पहिला प्रश्न "किती डोस वाया गेले" असा न विचारता "आज लस न घेता कुणी परत गेले का" असा विचारा. दूरच्या वस्तीवरच्या सत्रात बीसीजी आणि गोवर-रुबेलाचे डोस जास्त वाया जाणारच, हे लेखी मान्य करा. डोसाची किंमत गोवराने दगावणाऱ्या मुलाच्या जिवापेक्षा फार कमी आहे.

तीन सुया आणि रात्रीचा ताप

सहाव्या आठवड्याला आई पहिल्यांदा सत्राला येते आणि तिच्या दीड महिन्याच्या बाळाला तीन सुया टोचल्या जातात, वर तोंडावाटे थेंब. रात्री बाळ तापते, रडते. सासू म्हणते, चांगल्या बाळाला कशाला टोचून आणलेस? पहाटे कामाला जाणारा नवरा झोप मोडली म्हणून चिडतो. त्या रात्री घरात काय घडते, यावर दहाव्या आठवड्याचे दार उघडेल की नाही हे ठरते.

म्हणून सत्रात प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, पुढे कधी यायचे, ताप किंवा सूज आली तर काय करायचे, आणि कार्ड जपून पुढच्या वेळी आणायचे. आणि लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचे. आता सत्राचे गणित करा. एकच सिस्टर, सोबतीला आशाताई आणि अंगणवाडीताई. लस भरायची, टोचायची, सुई हब कटरमध्ये कापायची, कार्डावर लिहायचे, रजिस्टरात लिहायचे, मोबाइलवर भरायचे, गर्भवतींचा रक्तदाब पाहायचा. चार गोष्टी सांगायला वेळ उरतो कुठे?

अनुभवी आशाताईंनी यावर आपली वाट काढलेली आहे. त्या लस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जातात. ताप किती आहे पाहतात, औषध कसे द्यायचे दाखवतात, सासूशेजारी बसून बोलतात. "ताप आला म्हणजे लस लागू पडतेय," असे घरातल्याच माणसाच्या सुरात सांगतात. ताप नाही आला तरी लस लागू पडतेच, हेही सांगतात. त्या एका भेटीने पुढच्या डोसाचे निम्मे काम झालेले असते, असे त्या म्हणतात. ही भेट कोणत्याही यादीत कामात धरलेली नाही. ती धरली जावी, तिचा मोबदला मिळावा, ही त्यांची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

इथे गडचिरोलीची आठवण काढायला हवी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेता येते, आणि गावातली बाई ती घेऊ शकते, हे सिद्ध केले. आज देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी ज्या भेटी देतात, त्या या कामातून पुढे आल्या. त्यातली शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते, म्हणजे बरोबर सहाव्या आठवड्याला. म्हणजे पहिल्या तीन सुयांच्या वेळी आशाताई त्या घरी जाणारच आहे. सत्र आणि ही भेट एकमेकींना जोडली तर नवे काहीही न आणता काम होईल.

शहरात कुणाचे लक्ष?

गावात निदान एक आशाताई आणि एक सिस्टर आपल्या वाटणीची आहे, हे लोकांना ठाऊक असते. शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईला तेही ठाऊक नसते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला आणि मुले दगावली. कोविडच्या काळात मागे पडलेले डोस, दाटीची वस्ती आणि कुपोषण यांचा तो एकत्रित परिणाम होता. गोवर इतका वेगाने पसरतो की दोन्ही डोस मिळालेल्या मुलांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर नसेल तर तो पुन्हा डोके वर काढतोच. त्या साथीत नऊ महिन्यांच्या आतल्या, सहा महिन्यांपुढच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला.

तिथे काम केलेल्या आरोग्यसेविका आणि आशाताई जे सांगतात ते ऐकण्यासारखे आहे. माणसे खोल्या बदलतात, फोन नंबर बदलतात. बायका जरीकामाला, पापड लाटायला, धुण्याभांड्याला जातात, घरी संध्याकाळीच भेटतात. काही मुलांना खासगी डॉक्टरांनी लस दिलेली असते, पण ती नोंद डॉक्टरांच्या फायलीत राहते, आणि सरकारी यादीत ते मूल कोरे दिसते. अफवा मोबाइलवर येतात आणि आशाताईच्या आधी घरी पोहोचतात. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले, हजार ते अडीच हजार लोकसंख्येमागे एक शहरी आशा असावी असे त्यात ठरले. दाट वस्तीत त्या वरच्या टोकाच्या संख्येने काम भागत नाही. त्या साथीत मशिदीतून आवाहन झाले, गल्लीतल्या डॉक्टरांनी शब्द टाकला, शाळेतल्या बाईंनी पालकांना बोलावले, तेव्हा दारे उघडली. ही ओळख साथ आल्यावर नव्याने जुळवावी लागते, याचे कारण साथ नसताना ती कुणी जपलेली नसते.

आपल्याला जमते, हे पोलिओने दाखवले

हे सगळे अशक्य वाटत असेल तर पोलिओ आठवा. उत्तर प्रदेशात आणि बिहारमधल्या कोसीच्या पुराच्या पट्ट्यात पोलिओ कधी जाणारच नाही, असे जाणकार बोलत होते. २००९ मध्ये त्या दोन राज्यांतले सर्वांत अवघड १०७ तालुके निवडून तिथे खास आराखडा केला गेला. वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ यांच्या याद्या केल्या गेल्या. रेल्वेस्थानकांवर, धावत्या गाड्यांत बाळांना थेंब पाजले गेले. मौलवी, शिक्षक, वस्तीतल्या बायका यांना कामात घेतले गेले. नवजात बाळे घरोघर शोधली गेली. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

तिथे काम करणाऱ्यांना दर फेरीनंतर विचारले जाई: कोणते घर राहिले, का राहिले, पुढच्या वेळी काय करावे? उत्तर ऐकून पुढच्या फेरीचा आराखडा बदलला जाई. नियमित लसीकरणात हा प्रश्न विचारणारे कुणी नाही. कार्यक्रम रोजचा झाला की त्याच्याकडे कुतूहलाने पाहणे थांबते.

नियमित लसीकरणातही फरक पाडता येतो. राजस्थानातल्या उदयपूर भागात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर १३४ गावांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे काहीच नवे केले नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली बालके सहा टक्के होती. जिथे ठरलेल्या दिवशी नर्स हमखास येईल एवढी खात्री दिली, तिथे अठरा टक्के. जिथे त्या खात्रीबरोबर दर डोसाला किलोभर डाळ आणि लसी पूर्ण झाल्यावर ताटे दिली, तिथे एकोणचाळीस टक्के. मला यातली पहिली पायरी महत्त्वाची वाटते. फक्त ठरलेल्या दिवशी नक्की येण्याने प्रमाण तिप्पट झाले. डाळीने ते आणखी दुप्पट झाले, कारण ती बुडालेल्या रोजाची थोडी भरपाई होती. आईला लसीचे महत्त्व पटवण्याआधी व्यवस्थेने आपला शब्द पाळावा लागतो, हे त्या आकड्यांत दिसते.

डबा वाहणाऱ्या बाईचे काय?

आणि आता त्या बाईविषयी, जिच्यावर आपण हे सगळे सोपवतो. आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. आशाताई आजही सरकारी कर्मचारी नाही. तिला मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो. सत्राच्या दिवशी गावातली बाळे जमा करण्याबद्दल १५० रुपये ठरलेले आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक सन्मान केला. आणि २०२३ च्या शेवटी महाराष्ट्रातल्या आशाताईंना वाढीव मोबदल्यासाठी संपावर जावे लागले, २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा मैदानात बसावे लागले. कष्टांचा सन्मान करायचा तर तो मोबदल्यात आणि वेळेवर करावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

२०२० च्या टाळेबंदीत नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर एक अंगणवाडीताई स्वतः होडी वल्हवत गर्भवती आणि लहान बाळांपर्यंत जात होती. वर्तमानपत्रांत तिचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण होडी वल्हवणे ही तिची कर्तबगारी असली, तरी होडीची सोय नसणे ही व्यवस्थेची उणीव आहे. आपण पहिलीचे कौतुक करतो आणि दुसरीबद्दल गप्प राहतो.

सिस्टरांच्या मागण्या मी मोजून सांगतो, कारण त्या फार मोठ्या नाहीत. एकच माहिती तीन रजिस्टरांत आणि दोन ॲपवर भरायला लावू नका. सत्राच्या जागी पंखा, पाणी, आडोसा आणि बाईमाणसासाठी स्वच्छतागृह असू द्या. मोबाइलला रेंज नाही तिथे नोंद संध्याकाळी करायची मुभा द्या. डब्याची ने-आण करायला वाहन द्या. आणि बैठकीत चारचौघांत ओरडू नका. ही शेवटची मागणी त्या हळू आवाजात करतात, पण ती सर्वांत जुनी आहे.

अधिकार म्हणजे काय

तर काय करावे? माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही सिस्टरांच्या आणि आशाताईंच्या तोंडून आलेल्या.

पहिली, सत्राचा वार, जागा आणि वेळ उपकेंद्राने ठरवावी. दर तिमाहीला आशाताई, अंगणवाडीताई आणि सिस्टर यांनी एकत्र बसून सूक्ष्म आराखडा करावा, तालुक्याने त्याला वाहन आणि शीतसाखळी पुरवावी. आज आराखडा वरून येतो आणि खाली सही होते.

दुसरी, आलेले कोणतेही बाळ लस न घेता परत जाणार नाही हा नियम सर्वांत वर असावा, आणि त्यासाठी कुपी उघडणाऱ्या हाताला संरक्षण असावे.

तिसरी, बाळ जिथे जाईल तिथे त्याची नोंद गेली पाहिजे. यू-विनसारख्या संगणकीय नोंदीमुळे हे आता शक्य आहे. पण यंत्र आले म्हणजे काम झाले असे नाही. बीडची सिस्टर आणि कारखान्याच्या गावची सिस्टर एकमेकींना फोन करू शकतील, एकमेकींना ओळखतील, अशी सोय हवी. साखर कारखान्यांनी गाळप सुरू होताना टोळ्यांची यादी आरोग्य केंद्राला द्यावी. ऊस किती आला याचा हिशेब जो कारखाना तासातासाला ठेवतो, त्याला कोप्यांवर किती बाळे आहेत हे सांगणे अवघड नाही.

चौथी, थोडा पैसा खालच्या हाती असावा. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा मुक्त निधी ठरलेला आहे. तो कशावर खर्च करायचा, हे ठरवताना सिस्टर आणि आशाताईचा शब्द आधी ऐकला जावा. सत्राच्या दिवशी रिक्षा, बाळांसाठी सावली, आयांसाठी चहा, एवढ्याने उपस्थिती बदलते.

हे नवे नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्या बायका केंद्रावर जमत, आपापल्या गावात काय अडले हे सांगत, एकमेकींकडून शिकत. डॉक्टरांनी त्यांना शिकवले तसे त्यांच्याकडून शिकूनही घेतले, आणि आजूबाजूच्या गावांचे आरोग्य बदलले. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच मातीत हे घडले आहे.

युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकही डोस न मिळालेली बालके भारतात २०२३ मध्ये सुमारे सोळा लाख होती. २०२४ मध्ये ती नऊ लाखांच्या आसपास आली. ही मोठी झेप ज्यांनी मारली, त्या बायका आज या सभागृहात बसल्या आहेत. उरलेली बाळे सर्वांत दूरच्या, सर्वांत अस्थिर घरांतली आहेत. त्यांच्यापर्यंत वरून आलेल्या आदेशाने पोहोचता येणार नाही, कारण ती कुठे आहेत हे आदेश काढणाऱ्याला माहीत नाही. ते माहीत आहे आशाताईला.

इथे बसलेल्या इतरांनाही माझे सांगणे आहे. तुमच्यात कुणी बागायतदार असेल, कुणी कारखान्याचा संचालक, कुणी बांधकाम ठेकेदार, कुणी सरपंच. तुमच्या कामावरच्या बाईला लसीच्या दिवशी अर्धा दिवस भरपगारी सुट्टी द्या. तुमच्या आवारात सत्राला जागा द्या. सत्र झाले का, हे ग्रामसभेत विचारा. आणि घरातल्या बापांनो, पुढचा डोस कधी आहे ही तारीख तुम्हालाही ठाऊक असू द्या.

संयोजकांना एक विनंती करून थांबतो. पुढच्या वर्षी या विषयावर डॉक्टरांना बोलावू नका. तालुक्यातल्या एका आशाताईला बोलवा, तिला तासभर बोलू द्या, तिचा बुडालेला रोज आणि प्रवासखर्च द्या. तिचे भाषण छापा. आणि छापलेल्या भाषणाची एक प्रत जिल्हा परिषदेत पाठवून, त्यातल्या कोणत्या सूचना अमलात आल्या, हे त्याच्या पुढच्या वर्षी याच सभागृहात सर्वांसमोर विचारा.